काल भेटलेला देव

यरुशलेमात नव्या मंदिराचा पाया घातला गेला, त्या दिवशी दोन आवाज एकदम उठले. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक आनंदाने जयघोष करत होते आणि शलमोनाचं जुनं मंदिर ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते म्हातारे याजक मोठमोठ्याने रडत होते. जयघोष कुठला आणि आक्रोश कुठला हे ऐकणाऱ्याला ओळखता येईना, अशी नोंद एज्राच्या पुस्तकात आहे.

ते रडणं खरं होतं. इ.स.पू. 586च्या सुमारास नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने जुनं मंदिर जाळलं होतं. त्याचं वैभव पाहिलेल्या डोळ्यांना हा नवा पाया केविलवाणा वाटला, यात नवल नाही. पुढे शेजाऱ्यांचा विरोध आणि लोकांचा निरुत्साह यांत बांधकाम वर्षानुवर्षं रखडलं. इ.स.पू. 520मध्ये हाग्गय संदेष्ट्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पूर्वीचं वैभव पाहिलेले तुमच्यात कोण उरले आहेत, हे मंदिर तुम्हाला त्यापुढे शून्यवत वाटतं ना, असं त्याने उघड विचारलं. त्या दुःखाबद्दल त्याने कुणाला दोष दिला नाही. हिंमत धरा, कामाला लागा, देव तुमच्याबरोबर आहे, असं सांगितलं. चार-पाच वर्षांत मंदिर पूर्ण झालं.

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे दोन आवाज आजही एकत्र ऐकू येतात. पूर्वीची भक्ती राहिली नाही, पूर्वीचे फादर किंवा पाळक वेगळे होते, पूर्वी चर्च कसं गच्च भरायचं, हे बोलणं वसईत ऐकू येतं तसंच अहिल्यानगरातही. त्यात तथ्य असतं. पण गेलेल्या काळाची ओढ निवडक असते. मिसराच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएलांना वाळवंटात तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवले. मुकादमाचा चाबूक आठवला नाही.

विसाव्या शतकात या ओढीची सर्वात मोठी परीक्षा कॅथलिक चर्चने दिली. शेकडो वर्षं मिस्सा लॅटिनमध्ये होत होता. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि ती भाषा न समजणारे कित्येक भाविक तेवढ्या वेळात आपापली रोझरी म्हणत. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं आणि 1969च्या आगमनकाळापासून नवा उपासनाविधी सुरू झाला. वसईच्या चर्चमध्ये आज भाविक मराठीतून प्रतिसाद देतात, त्यामागे हा निर्णय आहे.

हा निर्णय घेणाऱ्यांनाही जड गेला होता. नवा विधी सुरू होण्याच्या काही दिवस आधी, 26 नोव्हेंबर 1969 रोजी पोप पॉल सहावे यांनी जाहीर सभेत या बदलाने होणारी हानी मान्य केली. लॅटिनचं सौंदर्य आणि ग्रेगोरियन गायनाचा ठेवा यांना आपण मुकणार आहोत, याची खंत त्यांनी लपवली नाही. पण सामान्य माणसाला प्रार्थना समजणं अधिक मोलाचं, असा कौल त्यांनी दिला. खंत बोलून दाखवायची आणि तरीही पाऊल पुढे टाकायचं, हे त्यांचं वागणं विशेष मोलाचं आहे.

लॅटिनही एकेकाळी नवीच होती. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीकमध्ये चाले. लोकांना ग्रीक समजेनाशी झाली, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या शतकांत हळूहळू लॅटिन आली. ज्या कारणाने ती आली, त्याच कारणाने ती मागे हटली. तरी जुन्या विधीची ओढ संपली नाही. 2007मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या विधीला मोकळीक दिली. पण त्याचा आधार घेऊन परिषदच नाकारली जाऊ लागल्याचं सांगत पोप फ्रान्सिस यांनी 2021मध्ये पुन्हा बंधनं घातली. जुन्या विधीतल्या शांततेवर प्रेम करण्यात काहीच चूक नाही. शेजारी गुडघे टेकून मराठीत प्रार्थना करणाऱ्याची भक्ती खोटी ठरवली जाते, तेव्हा मात्र त्या प्रेमाचं काही तरी बिघडलेलं असतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांपुढे असाच पेच मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांवरून उभा राहतो. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या काळी मराठी मंडळ्यांत बरीचशी इंग्रजीतून भाषांतरित गीतं पाश्चात्त्य चालींवर गायली जात. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणलं. तेव्हा ते नवंच होतं. आज तीच गीतं 'जुनी गीतं' झाली आहेत आणि तरुणांच्या गिटारला विरोध होतो तो कित्येकदा त्यांचं नाव घेऊन. ज्या माणसाने 1917मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सुरक्षित चौकट सोडून 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तसमाज मांडला, त्याच्यावर हा अन्याय आहे.

म्हणून आठवणीच टाकून द्यायच्या का? ते शक्य नाही, कारण ख्रिस्ती उपासनेचा गाभाच आठवणीचा आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाचं स्मरण प्रत्येक प्रभुभोजनात होतं. मात्र ते स्मरण करणारा यरुशलेमच्या माडीवर परतत नाही. ती भाकर आज, इथे मोडली जाते.

मंडळीपेक्षाही अवघड असतो तो माणसाचा स्वतःचा भूतकाळ. तरुणपणी प्रार्थनेत डोळे भरून यायचे, आता कोरडेपणा आहे, अशी वेदना पुष्कळ श्रद्धावंत मनात वागवतात. मदर तेरेसांनी ती सुमारे पन्नास वर्षं वागवली. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेगाडीत त्यांना गरिबांच्या सेवेची हाक ऐकू आली. त्या काळात त्यांना येशूची जवळीक उत्कटपणे जाणवत होती. काम सुरू झालं आणि ती जवळीक नाहीशी झाली. 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून हा काळोख जगाला कळला.

1961च्या सुमारास त्यांनी हे दुःख फादर जोसेफ नॉयनर यांना लिहून कळवलं. पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या या जेझुइट ईशपंडितांनी त्यांना हरवलेली अनुभूती परत मिळवण्याचा मार्ग दाखवला नाही. यात तुमचा दोष नाही, देवाची ही तहान हीच तो जवळ असल्याची खूण आहे, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर मदर तेरेसांनी कळवलं की, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा काळोख आपल्याला प्रिय वाटू लागला आहे. रेल्वेगाडीतला तो दिवस पुन्हा यावा म्हणून त्या थांबून राहिल्या नाहीत. 1997मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचं काम चालू राहिलं.

आठवण जपायची आणि पुढेही जायचं, तर मंडळ्यांनी आपल्या ज्येष्ठांकडची जुनी गीतं आणि गावच्या उपासनेच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. ते काम आणखी लांबवू नये. आणि ज्येष्ठांनी येत्या रविवारी तरुणांनी निवडलेलं एक गीत, चाल अनोळखी असली तरी, त्यांच्याबरोबर उभं राहून गावं.