कोकण किनारपट्टी : सांडपाण्याची तोंडओळख

• सांडपाणी : न्हाणी, मोरी, धुण्याभांड्यांचं. साधारणपणे शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी-माडांच्या आळ्यात जिरवतात.

• मैलापाणी : शौचालयाचं. रोगजंतू जास्त, उघड्यावर सोडू नये.

• सेप्टिक टँक : गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर पडतं. ते शुद्ध नसतं. गाळ साधारण २-३ वर्षांनी उपसावा लागतो.

• किनाऱ्यावरची अडचण : पुळणीत भूजल उथळ, पावसाळ्यात आणखी वर. शोषखड्ड्याचा तळ भूजलाला टेकला, की जंतू विहिरीपर्यंत पोचू शकतात. जांभ्यातल्या भेगांतून पाणी झपाट्याने उतरतं. गाळलं कमी जातं.

• कायदे : जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, नवी २०१९ची.