वहिनी घाबरट नाहीत!

परवाच्या भिशीत विषय निघाला पैसे गुंतवण्याचा. दोघींकडची शिल्लक साधारण सारखीच. एकीचे मिस्टर शिक्षक. तिने बिनधास्त म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू केली. दुसऱ्या वहिनींच्या घरी आठ एकर जिरायती. त्यांनी अर्धे पैसे पोस्टात टाकले, उरलेल्याचं सोनं केलं. "वहिनी, किती घाबरता हो!" म्हणून सगळ्या हसल्या. वहिनी म्हणाल्या, "अगं, आमचा जुगार दरवर्षी मृगातच लागतो. आणखी कुठे लावू?"

मैत्रिणींनो, वहिनींनी एका वाक्यात सांगितलं, तेच अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या गणितानं मांडलंय. जॉन प्रॅट आणि रिचर्ड झेकहॉसर यांनी १९८७ मध्ये, पुढे ख्रिश्चन गोलिए आणि प्रॅट यांनी १९९६ मध्ये. काही धोके आपण निवडलेले नसतात. पाऊस, कंत्राटी नोकरी, घरातलं आजारपण. शेअर नको तर घेऊ नये, पण पावसाला नको कसं म्हणणार? असा धोका कायम पाठीशी असला, की माणूस हातातला दुसरा धोका सहसा कमी करतो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरीही! म्हणजे हा भित्रेपणा नाही, हिशोब आहे.

आणि हा हिशोब आपल्याच गावांत मोजला गेलाय बरं का! हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांतल्या घरांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण होतं, अकोल्याकडचं कानझरा आणि किनखेडही. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये त्या नोंदींवरून दाखवलं, की ज्यांचं शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, त्यांच्या सोयरिकी जास्त लांबच्या. इकडे दुष्काळ पडला तरी तिकडच्या पाहुण्यांकडे पिकलेलं असतं, अडीनडीला हात मिळतो. लेक लांब देण्यामागे विमाही होता म्हणायचा! (त्या लेकीला कुणी विचारलं होतं का, हे काही त्या नोंदींत सापडायचं नाही.)

पण या सावधपणाची किंमत पडते. रोझेनझ्वाइग आणि हान्स बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये याच नोंदी तपासल्या. पावसाचा भरवसा कमी, तिथे छोटा शेतकरी कमी धोक्याचा, पण कमी नफ्याचाही मार्ग धरतो. सधन शेतकऱ्याला मात्र त्याची फारशी झळ नाही. त्याला एखादं वर्ष बुडालं तरी चालतं ना! म्हणजे ज्याला नफ्याची जास्त गरज, त्यालाच तो सोडावा लागतो. मला तर हे वाचून चीडच आली.

एजंट फॉर्म भरून घेताना वय विचारतो, "तोटा किती सोसाल?" हेही विचारतो. विहिरीला पाणी किती महिने असतं, सासूबाईंच्या औषधांना किती लागतात, हे कोण विचारतं? खरं तर सुरुवात तिथूनच हवी. दवाखान्याचा विमा, चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, पिकाचा विमा. मागचा धोका जेवढा हलका होईल, तेवढं पुढचं पाऊल टाकायला बळ येतं.

या महिन्याची भिशी वहिनींना लागली. ठिबकचे पाइप घेणार आहेत. "पाणी जरा पुरायला लागलं, की बघते तुमचं ते एसआयपी," म्हणाल्या, "पण पाचशेचंच हं!"