कलावंताची वाणी आणि देशाची वेस

१९५२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस न्यू यॉर्कच्या बंदरातून 'क्वीन एलिझाबेथ' ही आगबोट इंग्लंडकडे निघाली, तेव्हा तिच्या उतारूंमध्ये चार्ली चॅप्लिन हा जगद्विख्यात विनोदी नट, त्याची पत्नी उना आणि चार मुले ही मंडळी होती. 'लाइमलाइट' हा त्याचा नवा बोलपट लंडनमध्ये प्रथम दाखविला जावयाचा होता, आणि त्या निमित्ताने आपली जन्मभूमी मुलाबाळांना दाखवून आणावी असा त्याचा बेत होता. अमेरिकेत परत येण्याचा परवाना त्याने निघण्यापूर्वीच रीतसर मिळविलेला होता. परंतु बोट दोन दिवसांची वाट चालते न चालते तोच बिनतारी संदेश आला की, अमेरिकेचे ॲटर्नी-जनरल जेम्स मॅकग्रॅनरी यांनी तो परवाना रद्द केला आहे. चॅप्लिनला परत यावयाचे असल्यास आपल्या राजकीय मतांविषयी आणि नीतीविषयी अधिकाऱ्यांपुढे जाबजबाब द्यावे लागतील. सुमारे चाळीस वर्षे ज्या देशात राहून त्याने धन, कीर्ती आणि घरदार मिळविले, त्या देशाची वेस अशी भर समुद्रात त्याच्या मागे बंद झाली.

ही आज्ञा बोट सुटण्यापूर्वी का निघाली नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आणि या प्रश्नाच्या उत्तरातच परकीयांविषयीच्या कायद्याचे सारे मर्म साठविलेले आहे.

चॅप्लिन १९१० साली एका इंग्रज नाटकमंडळीबरोबर अमेरिकेत प्रथम आला. पुढे तो तेथेच स्थायिक झाला, परंतु अमेरिकेचे नागरिकत्व त्याने कधीच घेतले नाही. मूकपटांच्या काळात याबद्दल कोणी फारशी कुरकुर केली नाही. १९४० साली 'द ग्रेट डिक्टेटर' या बोलपटात त्याने हिटलरची उघड टवाळी केली, आणि १९४२ साली, रशिया अमेरिकेचा दोस्त असता, युरोपात दुसरी आघाडी तातडीने उघडावी म्हणून त्याने जाहीर सभांतून व्याख्याने दिली. न्यू यॉर्कच्या एका सभेस तर तो दूर कॅलिफोर्नियातून टेलिफोनवरून बोलला. महायुद्ध संपले, दोस्त शत्रू झाला, आणि कालची देशसेवा आज संशयास्पद ठरली. त्यातच त्याच्या खासगी आयुष्यातील भानगडी कोर्टात गेल्या होत्या. त्यांपैकी फौजदारी खटल्यात १९४४ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. तरी वर्तमानपत्रांनी सोडले नाही. म्हणजे विरोधकांचा राग होता व्याख्यानांवर आणि बोलपटांवर, पण कागदोपत्री नीतीचाही मुद्दा जोडता येत होता. ही दुहेरी मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुढेही भेटते.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेच्या राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याचे कलम 'नागरिक' हा शब्द वापरीत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेले गोदी-कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांच्या खटल्यात १९४५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, देशात राहणाऱ्या परकीयासही हे स्वातंत्र्य आहे. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली म्हणजे तिचा रंग बदलतो. हद्दपारी ही 'शिक्षा' नव्हेच, असा सिद्धान्त त्याच न्यायालयाने १८९३ पासून धरून ठेवलेला आहे. शिक्षा नव्हे, म्हणून ज्यूरी नको. शिक्षा नव्हे, म्हणून पूर्वी केलेले कृत्य नंतरच्या कायद्याने दोषास्पद ठरविण्यास आडकाठी नाही. १९५२ च्या मार्च महिन्यात याच आधारावर तीन जुन्या रहिवाशांची हद्दपारी कायम झाली. त्यांचा दोष इतकाच की, ते पूर्वी केव्हातरी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसने अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून मॅकॅरन-वॉल्टर कायदा मंजूर केला. मतांवरून परकीयाला वेशीवरच अडविण्याची जुनी तरतूद या कायद्याने अधिक पक्की केली.

थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने माणसाच्या तीन पायऱ्या आहेत. नागरिक सर्वांत सुरक्षित. देशात राहणारा परकी त्याच्या खाली. आणि वेशीबाहेर उभा असलेला परकी सर्वांत तळाशी. चॅप्लिन घरी बसून राहिला असता तर त्याला बाहेर काढण्यासाठी सरकारला पुरावा द्यावा लागला असता, चौकशी करावी लागली असती, अपिले लढावी लागली असती. तो बोटीवर चढला आणि दुसऱ्या पायरीवरून आपण होऊन तिसरीवर उतरला. आज्ञा दोन दिवस थांबली ती यासाठी! पुढे उघड झालेल्या सरकारी कागदांवरून असे दिसते की, तो परत येऊन दाराशी उभा राहिला असता तर त्याला अडविण्यापुरता पुरावा खुद्द अधिकाऱ्यांनाही आपल्याजवळ आहे असे वाटत नव्हते. पण त्याने ती परीक्षा पाहिलीच नाही. उना अमेरिकन नागरिक असल्यामुळे तीच एकटी परत जाऊन मालमत्तेची व्यवस्था लावून आली. १९५३ च्या एप्रिलमध्ये चॅप्लिनने आपला परवाना जिनिव्हा येथे परत केला, आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळ बिऱ्हाड थाटले. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींना भेटून यंत्रयुगाविषयी शंका विचारणारा हा नट अमेरिकेत तब्बल वीस वर्षे पाऊल टाकू शकला नाही.

नागरिकाची पायरी सर्वांत सुरक्षित खरी, परंतु तिलाही वेस आहेच. पॉल रोबसन हा नीग्रो गायक आणि नट अमेरिकेतच जन्मलेला. त्याला हद्दपार कोठे करणार? तेव्हा सरकारने उलट उपाय केला. आपल्या बांधवांवरील अन्यायाविषयी तो परदेशांत बोलतो, सोव्हिएत रशियाची स्तुती करतो, म्हणून १९५० साली त्याचा पासपोर्ट रद्द करण्यात आला. चॅप्लिनला आत येण्याची बंदी, तर रोबसनला बाहेर जाण्याची! कॅनडात जाण्यास अमेरिकन माणसाला पासपोर्ट लागत नसे; तरी १९५२ च्या जानेवारीत व्हँकुव्हरला निघालेल्या रोबसनला सरहद्दीवर थांबविण्यात आले. तेव्हा त्याने टेलिफोनवरूनच तेथील कामगारांना गाणे ऐकविले. १८ मे रोजी तो पुन्हा सरहद्दीवर गेला, आणि अमेरिकेच्या बाजूस उभ्या केलेल्या एका उघड्या मोटारट्रकवरून गायला. कॅनडाच्या बाजूस हजारो लोक उभे राहून ऐकत होते. १९५७ साली अटलांटिकच्या तळाशी घातलेल्या नव्या टेलिफोनतारेतून त्याचा खर्ज लंडनच्या सभागृहात पोहोचला. गवयाला अडविता येते, गळ्याला अडविणे कठीण, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावाच म्हणावा. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्याला साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा पंडित नेहरूंनी त्याचे जाहीर अभिनंदन केले, आणि भारतातील समारंभसमितीचे अध्यक्षपद मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी स्वीकारले. अमेरिकन वकिलातीला हे मुळीच रुचले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार सरकारला नाही असा निकाल दिला, आणि रोबसनची सुटका झाली.

येथे भारताची तुलना करणे अप्रस्तुत होणार नाही. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या कलमातील भाषणस्वातंत्र्य शब्दशः 'सर्व नागरिकांना' दिलेले आहे. २१ व्या कलमातील जीविताचे संरक्षण मात्र कोणत्याही व्यक्तीला आहे. परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन गृहस्थाच्या खटल्यात सांगितले. १९१० साली मुंबई सरकारने खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली. नाटक बंद पडले, पण नाटककाराला 'आपल्या देशी परत जा' असे कोण सांगणार होते? परकी नटाला तसे सांगता येते. २०१९ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशातील नट फिरदौस अहमद यांनी पश्चिम बंगालमधील रायगंज मतदारसंघात एका पक्षाच्या प्रचारात भाग घेतला. गृहखात्याने त्यांचा व्हिसा रद्द करून त्यांना देश सोडावयास लावले. हा व्हिसा व्यवसायासाठी होता, निवडणुकीच्या प्रचारासाठी नव्हता. दुसऱ्याच्या घरच्या निवडणुकीत पाहुण्याने मते मागू नयेत, हा नियम अन्यायाचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मते मागणे वेगळे आणि मत असणे वेगळे. अडचण उत्पन्न होते ती सरकार दुसऱ्या गोष्टीला शिक्षा करावयाची असते आणि कागदावर तिसरेच कारण लिहिते तेव्हा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉन लेननचे. 'बीटल्स' या गायकचमूतील हा लिव्हरपूलचा गवई १९७१ च्या ऑगस्टमध्ये पत्नी योको ओनो हिच्यासह न्यू यॉर्कला आला. योकोच्या पहिल्या विवाहातील मुलीचा शोध करणे हे येण्याचे एक कारण होते. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तो उघड बोलत असे. डिसेंबरात ॲन आर्बर येथील एका सभेत तो गायला. गांजाच्या दोन विड्यांसाठी दहा वर्षांची शिक्षा झालेल्या जॉन सिंक्लेअरच्या सुटकेसाठी ती सभा होती, आणि तीन दिवसांत सिंक्लेअर सुटला. त्याच वर्षी अठरा वर्षांच्या तरुणांना मताचा अधिकार मिळाला होता, आणि १९७२ साली अध्यक्षीय निवडणूक व्हावयाची होती. गाण्याच्या जलशांबरोबर हा गवई तरुणांची मतेही फिरवील, ही धास्ती पडली. फेब्रुवारीत सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी ॲटर्नी-जनरल जॉन मिचेल यांना पत्र पाठवून सुचविले की, लेननचा व्हिसा संपविणे हा यावर चांगला उतारा होईल. पुढच्याच महिन्यात देश सोडण्याची नोटीस निघाली.

नोटिशीत निवडणुकीचे अक्षरही नव्हते. १९६८ साली लंडनमध्ये लेननच्या घरी चरस सापडून त्याला दंड झाला होता; अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास अमेरिकेत कायम वास्तव्य मिळू शकत नाही, एवढेच सरकारचे म्हणणे. कायदा खरोखरच तसा होता. आणि दैवाची लीला अशी की, ज्या १९७२ च्या एप्रिलमध्ये लेननच्या चौकशीचे काम चालले होते, त्याच महिन्यात त्र्याऐंशी वर्षांच्या घरात आलेल्या चॅप्लिनला हॉलिवूडने सन्मानाचे ऑस्कर घेण्यासाठी बोलाविले, आणि सारे सभागृह कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवीत होते!

लेननचे वकील लिऑन वाइल्ड्स हे परदेशप्रवेशाच्या कायद्यातील तज्ज्ञ. आपला अशील किती मोठा गवई आहे याचीही त्यांना आरंभी कल्पना नव्हती, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांनी खटला दोन बाजूंनी लढविला. पहिली बाजू शब्दांची: इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात, घरात चरस आहे हे ठाऊक नसलेला माणूसही दोषी ठरू शकत असे, मग अशा दोषास अमेरिकेच्या कायद्यातील गुन्हा कसे म्हणावे? १९७३ च्या मार्चमध्ये चौकशी-न्यायाधीशांनी हे नाकारून लेननला साठ दिवसांत निघून जाण्यास सांगितले, आणि योकोला मात्र कायम वास्तव्य दिले. लेननने यावर एप्रिलच्या पहिल्या तारखेस पांढरा रुमाल फडकावून, जमीन नाही, सरहद्द नाही आणि पासपोर्टही नाही अशा एका नव्या देशाची स्थापना जाहीर केली. अपील चालू राहिले. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील-न्यायालयाने लेननच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती आयर्विंग कॉफमन म्हणजे १९५१ साली रोझेनबर्ग पतिपत्नींना देहांताची शिक्षा सुनावणारेच गृहस्थ. त्यांच्यावर डावेपणाचा आळ घेणे कोणालाच शक्य नव्हते. निकाल इंग्लिश कायद्याच्या शब्दावर लागला, पण गुप्त राजकीय हेतूने निवडक माणसांना हद्दपार करण्याकडे न्यायालये डोळेझाक करणार नाहीत, एवढे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. १९७६ च्या २७ जुलैस लेननला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. तोपर्यंत निक्सन यांना अध्यक्षपद सोडून दोन वर्षे होत आली होती, आणि मिचेल यांना कारावासाची शिक्षा झालेली होती.

मतांवरून प्रवेशबंदी करण्याचा अधिकार अमेरिकेने १९९० साली बराच आवळला. तोवर इटालियन नाटककार दारिओ फो आणि त्यांची नटी पत्नी फ्रांका रामे यांच्यासारख्यांना व्हिसा नाकारून झाला होता. फो यांना पुढे १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि वेस अजून शाबूत आहे. २०२५ च्या जूनमध्ये 'बॉब व्हिलन' या इंग्रज गायकद्वयाने ग्लास्टनबरीच्या जलशात इस्रायली सैन्याविरुद्ध मरणाची घोषणा दिली, तेव्हा काही दिवसांतच अमेरिकेने त्यांचे व्हिसा रद्द केले. घोषणा आवडण्यासारखी नव्हती. परंतु निदान या खेपेस कारण उघडपणे सांगितले गेले.

वाइल्ड्स यांच्या लढ्याची दुसरी बाजू अद्याप सांगावयाची राहिली. हद्दपारीस पात्र असूनही ज्यांना दयेखातर स्पर्श करावयाचा नाही, अशा माणसांची एक यादी खात्यात आहे, असे ते ऐकून होते. खात्याने असे काही नाहीच म्हणून सांगितले. वाइल्ड्स यांनी माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, आणि अठराशेहून अधिक प्रकरणांचे कागद बाहेर आले. म्हातारे, आजारी, लहानपणापासून तेथेच वाढलेले, ज्यांच्या जाण्याने संसार मोडेल असे, आणि गंभीर गुन्हे केलेलेही कित्येक त्यांत होते. वर्षानुवर्षे चालत आलेली ही रीत प्रथमच लोकांसमोर आली, आणि खात्याला तिचे नियम छापावे लागले. पुढे तिचेच नाव 'स्थगित कारवाई' असे पडले. २०१२ च्या जूनमध्ये, बालपणी आईबापांबरोबर विनापरवाना आलेल्या तरुणांना ओबामा सरकारने हद्दपारीपासून अभय दिले ते याच रीतीच्या आधारे, आणि पुढील काही वर्षांत आठ लाखांहून अधिक तरुणांनी त्याचा लाभ घेतला. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. शेतांत, उपाहारगृहांत, इस्पितळांत कामे करणारे.