जुना पियानो घेताना : खुंट्या, ताण आणि नादकाटा

शाळेत एखादा पियानो असावा असे संगीताच्या शिक्षकांना वाटते. पण नव्या पियानोची किंमत ऐकली की विषय तिथेच संपतो. मग कुणीतरी बातमी आणते, ‘अमक्यांकडे जुना उभा पियानो आहे, घर रिकामे करायचे आहे, मिळेल त्या किमतीला देतील.’ मुंबई, पुणे, गोवा येथील जुन्या घरांत असे पियानो अजूनही आढळतात. पाहायला गेलेली मंडळी लाकडाची चमक बघतात, दोन-चार पट्ट्या दाबून पाहतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. पुढे पियानो जुळवणारा कारागीर येतो, आत डोकावतो आणि नकारार्थी मान हलवतो. शाळेने काटकसरीने जमवलेला निधी मग फुलदाणी ठेवण्याच्या कामी येतो!

हे टाळता येते. पहिल्या तपासणीची साधने तर प्रयोगशाळेच्या कपाटातच असतात : नादकाटा, विजेरी आणि थोडे मेण.

आत काय असते?

पियानोला बहुधा 88 पट्ट्या असतात, तारा मात्र सुमारे 220 ते 230. खर्जाच्या शेवटच्या स्वरांना एकेक जाड तार, त्यावरच्या स्वरांना दोन-दोन आणि बाकीच्यांना तीन-तीन तारा असतात. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारांवर आपटते. तारांचे कंप घोडीवाटे लाकडी ध्वनिफलकात उतरतात. तंबोऱ्याच्या तबलीचे जे काम, तेच या फलकाचे.

एकेका तारेवर सरासरी 70 ते 80 किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो. सगळ्या तारांचा मिळून तो 16 ते 18 टन होतो! म्हणून आत बिडाची भक्कम चौकट असते. पण तारांची टोके गुंडाळलेली असतात पोलादी खुंट्यांवर, आणि खुंट्या रुतलेल्या असतात लाकडाच्या जाड फळीत. त्यांना जागेवर धरून ठेवते ते केवळ घर्षण. म्हणजेच पियानोचे आयुष्य या फळीच्या पकडीवर अवलंबून असते. फळी सुकून भेगाळली, की जुळवलेला सूर चार दिवसही टिकत नाही.

सूर किती उतरला आहे?

1939 साली लंडनला झालेल्या परिषदेत मध्य सप्तकातील ‘ए’ या स्वराची कंप्रता 440 हर्ट्झ ठरली. त्या हिशेबाने मधल्या ‘सी’ची कंप्रता 261.6 हर्ट्झ येते. शाळेतला नादकाटा मात्र 256 हर्ट्झचा असतो. म्हणजे पियानो बरोबर जुळलेला असेल, तर मधला ‘सी’ आणि नादकाटा एकत्र वाजवल्यास सेकंदाला पाच-सहा विस्पंद ऐकू यायला हवेत. (त्या स्वराच्या तीनपैकी दोन तारांमध्ये कापडाची घडी खोचून एकच तार वाजवावी.) एकही विस्पंद आला नाही, तर सूर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक उतरला आहे. सेकंदाला नऊ विस्पंद येत असतील आणि तार नादकाट्यापेक्षा खाली बोलत असेल, तर सूर पूर्ण अर्धा स्वर उतरला आहे.

तार वर की खाली हे कानाला ठरवता आले नाही, तर नादकाट्याच्या भुजेला थोडे मेण लावावे. त्याने नादकाट्याची कंप्रता कमी होते. आता विस्पंद कमी झाले, तर तार खाली आहे. वाढले, तर वर आहे. वर्गात शिकवलेला प्रयोग इथे शाळेचे पैसे वाचवतो.

अर्धा स्वर उतरलेला असला तर काय बिघडले? कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. कंप्रता सुमारे 6 टक्के वाढवायची, तर ताण सुमारे 12 टक्के वाढवावा लागतो. सगळ्या तारांचा मिळून हा वाढीव भार पावणेदोन ते दोन टन होतो. गंजलेल्या तारा एवढ्यात तुटू शकतात. शिवाय हे काम एका बैठकीत होत नाही आणि प्रत्येक बैठकीचे पैसे पडतात.

उतरलेला की ढळलेला?

सर्वांत महत्त्वाची खूण यापुढची आहे. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल, तर बहुधा तो वर्षानुवर्षे जुळवलेला नाही, एवढेच. पण शेजारचे स्वर ठीक असताना मधलेच काही स्वर पार बेसूर असतील, किंवा एकाच स्वराच्या तीन तारा तीन दिशांना गेल्या असतील, तर खुंट्या सैल झाल्याचा संशय घ्यावा.

इथे ऋतूही फसवतो. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते आणि सैल खुंट्यासुद्धा घट्ट वाटतात. ध्वनिफलक फुगून तारा ताणतो, त्यामुळे सूरही थोडा चढतो. म्हणून ऑगस्टमध्ये आवडलेला पियानो फेब्रुवारीत पुन्हा पाहावा. उलट, पावसाळ्यात अडकणाऱ्या पट्ट्यांचा मात्र फार बाऊ करू नये.

विजेरीच्या उजेडात

वरचे झाकण उघडून आणि खालची फळी काढून आत पाहावे. कसरीने खाल्लेला नमदा किंवा हातोड्यांवर पडलेल्या चऱ्या या गोष्टी दुरुस्त होतात. त्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. घोडीला तडे, वाळवीची माती किंवा तारांवर जाड गंज दिसला, तर दहादा विचार करावा. बिडाच्या चौकटीला तडा असेल किंवा खुंट्यांच्या फळीने पकड सोडली असेल, तर पियानो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

एवढ्यातून जो पियानो पार पडेल, तो मात्र पैसे देण्यापूर्वी कारागिराला दाखवावाच. खुंटी किती घट्ट आहे, हे चावी लावून फिरवल्यावर त्याच्या हाताला कळते. त्याचे शुल्क, अडीचशे किलोच्या आसपासचे धूड हलवण्याचा खर्च, पहिल्या दोन-तीन जुळवण्या आणि पुढे दरवर्षीची जुळवणी, हे सगळे मिळून खरी किंमत होते. ती आधी कागदावर मांडावी. ती झेपत नसेल, तर चांगली पेटी दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे.

आणि पियानो शाळेत आलाच, तर ऊन आणि ओल लागणार नाही अशा भिंतीशी ठेवावा. शेजारी आर्द्रतामापक टांगावा. दर महिन्याला विद्यार्थ्यांनी मधल्या ‘सी’चे विस्पंद मोजून आर्द्रतेशेजारी नोंदवावेत. लाकूड, हवा आणि सूर यांचे नाते सांगणारा आलेख वर्षभरात त्यांच्याच हातून तयार होईल.