न दुखणारे दुखणे

आपल्या भाषेत आजाराला ‘दुखणे’ असा एक शब्द आहे. माणूस आजारी पडला की तो ‘दुखणाईत’ होतो आणि उपचार न करता दिवस ढकलू लागला की ‘दुखणे अंगावर काढतो’. आजार म्हणजे वेदना आणि वेदना नाही म्हणजे आजार नाही, हा समज या शब्दातच दडलेला आहे. ताप, खोकला, हाड मोडणे अशा व्याधींच्या बाबतीत हा समज बहुधा खराही ठरतो. परंतु आज प्रौढ माणसांचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या काही व्याधी वर्षानुवर्षे मुळीच दुखत नाहीत. उच्च रक्तदाब आणि मधुमेह या त्यांतील दोन प्रमुख व्याधी होत.

या व्याधी आतल्या आत काय करतात, हे मूत्रपिंडाच्या उदाहरणावरून समजून घेऊ. मुठीएवढी दोन मूत्रपिंडे रक्त गाळून त्यातील टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यांतून चालते. रक्ताचा दाब सतत वाढलेला राहिला किंवा रक्तातील साखर सतत जास्त राहिली, तर ही जाळी हळूहळू निकामी होतात. उरलेली जाळी जादा काम अंगावर घेतात, त्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही. तो शेतात राबतो, यंत्रावर उभा राहतो, घर चालवतो. पायांवर सूज, मळमळ, थकवा ही लक्षणे दिसू लागतात, तोवर मूत्रपिंडांची बरीचशी शक्ती कायमची गेलेली असते. ती पूर्णपणे निकामी झाली, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे, म्हणजेच डायलिसिस, किंवा मूत्रपिंडाचे रोपण, एवढेच मार्ग उरतात. सरकारी योजनेतून डायलिसिस मोफत मिळाले, तरी येण्याजाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी कुटुंबालाच सोसावी लागते.

चेन्नईतील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. मूत्रपिंड निकामी झालेल्या प्रत्येक गरीब रुग्णाला आयुष्यभर महागडे उपचार पुरवणे आपल्यासारख्या देशाला कठीण आहे. मग मूत्रपिंड निकामी होण्याआधीच रुग्णापर्यंत का पोहोचू नये, असा त्यांचा विचार होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘किडनी हेल्प ट्रस्ट’ या संस्थेने चेन्नईजवळील गावांमध्ये, सुमारे २५,००० लोकवस्तीत काम सुरू केले. शालेय शिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. ते घरोघर जात, काही सोपे प्रश्न विचारीत, रक्तदाब मोजत आणि लघवीत प्रथिन किंवा साखर उतरते का, हे पाहत. ज्यांच्यात दोष आढळे, त्यांना डॉक्टर तपासत आणि जुनी, स्वस्त परंतु गुणकारी औषधे देत. या सर्व कामाचा खर्च वर्षाकाठी दरमाणशी अर्ध्या डॉलरहूनही कमी आला. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला. पुढे शेजारच्या, तपासणी न झालेल्या वस्तीशी तुलना केली, तेव्हा मूत्रपिंडाची शक्ती घटलेल्या माणसांचे प्रमाण या गावांत बरेच कमी आढळले.

या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उपयुक्त तपासणी महाग असतेच असे नाही. दुसरी, नुसत्या तपासणीने कोणी बरा होत नाही. तपासणीनंतर नियमित औषध घेतले, तरच तिचा उपयोग होतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडू शासनाने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ ही योजना सुरू केली. या तमिळ नावाचा आशय ‘लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक’ असा आहे. घरोघरी रक्तदाब व साखर तपासणे आणि रुग्णाला औषधे घरपोच देणे, हे तिचे मुख्य काम ठरले.

प्रश्नाची व्याप्तीही मोठी आहे. चेन्नईच्या ‘मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन’ने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसह देशभर पाहणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अंदाजानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला आहार, व्यायाम आणि वजन यांकडे लक्ष देऊन मधुमेह टाळता येतो किंवा लांबवता येतो. मात्र आपण उंबरठ्यावर आहोत, हे त्याला कळले पाहिजे.

कर्करोगाबाबतही हेच दिसते. महाराष्ट्रात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी ज्या गटाला देऊ केली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

मग आपण काय करावे? वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब व वजन पाहावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील साखर तपासावी. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, तर तो उच्च समजतात. उपाशीपोटी साखर १०० पेक्षा कमी असणे सामान्य. १२६ किंवा अधिक असल्यास फेरतपासणी करून मधुमेहाचे निदान होते. मधुमेही व्यक्तीने दरवर्षी डोळ्यांचा पडदा, पाय, लघवी आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासून घ्यावे. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडाची, तर स्त्रियांनी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये. यांतील प्राथमिक तपासण्यांची सोय सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य असते. जाहिरातींतील तीस-चाळीस चाचण्यांचा संच प्रत्येकाने घ्यावा, असे मुळीच नाही. वय, सवयी आणि घराण्यातील आजार पाहून निवडलेल्या मोजक्या चाचण्या पुरेशा असतात.

“तपासले की काहीतरी निघते” ही भीती अनेकांच्या मनात असते. खरे पाहता तपासणीने आजार निर्माण होत नाही. असलेला आजार दिसतो, तोही उपाय स्वस्त व सोपा असताना. रोजंदारीवरील माणसाला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे जड जाते, हे खरेच आहे. परंतु त्याच्याच श्रमांवर घर उभे असते, म्हणून त्याचे शरीर हे त्या घराचे भांडवल आहे. तेव्हा तपासणीचे कागद एका पिशवीत तारखेनुसार जपून ठेवावेत आणि पुढच्या वर्षीची तारीख आजच ठरवावी.