गुडघ्याचे गाऱ्हाणे

खो-खोच्या मैदानावर आठ गडी एका ओळीत दबा धरून बसलेले असतात. पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळाला, की बसलेला गडी बाणासारखा सुटतो. पाहणाऱ्यांना त्याची चपळाई दिसते. पण त्या क्षणी त्याच्या गुडघ्यावर केवढा भार पडतो, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मांडीच्या पुढील भागातील बलाढ्य स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीच्या वरच्या टोकाजवळील उंचवट्याला जोडलेला असतो. जोडणाऱ्या या चिवट दोरीस कंडरा म्हणतात. साधारणतः १० ते १५ वर्षांच्या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि तो उंचवटा अद्याप पुरता कठीण झालेला नसतो. धावताना, उड्या मारताना कंडरा तेथे वारंवार ओढली गेली, की ती जागा दुखते व सुजते. १९०३ साली अमेरिकेतील ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. म्हणून त्यास त्या दोघांचे नाव मिळाले.

माझा एक विद्यार्थी संघातून वगळले जाण्याच्या भीतीने हे दुखणे लपवीत राहिला. अखेर तो लंगडू लागला, तेव्हा आम्ही त्याला व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी दुखरी जागा बोटाने दाखवावयास सांगितली. खुब्यातील दुखणेही कधी कधी गुडघ्यात जाणवते, म्हणून त्यांनी खुबा तपासला. मग त्याला पायरीवरून सावकाश उतरावयास लावले. उतरताना त्याचा गुडघा आत कलत होता. खुब्याभोवतीचे स्नायू दुर्बळ होते.

“खेळ कायमचा सुटला का?” मुलाने भीत भीत विचारले.

“नाही. भार कमी करू, हालचाल थांबवायची नाही,” ते म्हणाले.

उड्या काही काळ बंद झाल्या. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, उताणे निजून कंबर उचलणे आणि पुढे पायरीची चढउतार, असा क्रम त्यांनी आखून दिला. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले आढळले, तर व्यायाम कमी करावयाचा, हा नियम होता. काही महिन्यांनी तो मुलगा पुन्हा मैदानात उतरला.

मुलांनो, रात्री झोप मोडणारी वेदना, ताप, सांधा अडकणे किंवा पाय टेकवेनासा होणे, ही लक्षणे दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. वेदना लपविणे हे शौर्य नव्हे. गुडघ्याचे गाऱ्हाणे वेळीच ऐकणारा खेळाडूच दीर्घकाळ खेळू शकतो.