अफवेवर उतारा ओळखीच्या माणसाचा

पोलिओचा डोस घेतलेल्यांना पुढे मूलबाळ होत नाही, ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात खोल रुजली होती. २००२ साली देशात सुमारे १,६०० जणांना पोलिओ झाला. त्यांतले बहुसंख्य याच राज्यातले. नुसत्या जाहिरातींनी शंका फिटेना. मग युनिसेफच्या मदतीने वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देण्यात आले. डोस राहिलेल्या घरावर खडूने ‘एक्स’ अशी खूण होई. तिथे त्या पुन्हा जात, आक्षेप ऐकून घेत, डोस वारंवार का लागतो हे समजावत. इमामांनीही मशिदींतून आवाहन केले. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.